खचलेला काठ

आश्लेषा वऱ्हाडपांडे इंग्लंडातल्या मेडनहेडला आली तेव्हा कंपनीनं सहा महिन्यांचंच काम सांगितलं होतं. काम लांबत गेलं. बरोबर आलेले बाकीचे एकेक करून परतले. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बायकोला दिवस गेले. आश्लेषाला परत बोलावणारं कुणी नव्हतं. वडील आदल्या वर्षी गेले होते, आई नागपूरला भावाच्या संसारात रमली होती, आणि चौतिशीतल्या मुलीला लग्नाचं विचारणं नातेवाइकांनीही आता सोडून दिलं होतं. शुक्रवारी ऑफिसात ‘हॅव अ नाइस वीकेंड’ म्हणून ती निघायची, ते सोमवारी ‘हाउ वॉज युअर वीकेंड’ ऐकेपर्यंत तिच्याशी बोलणारी म्हणजे सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची बाई.

२००६ च्या सप्टेंबरात लायब्ररीत तिला कौन्सिलच्या ईव्हनिंग क्लासेसचं पत्रक दिसलं. स्पॅनिश, योगा, पॉटरी. नागपूरहून येऊन इंग्लंडात योगा शिकणं तिला बरं दिसेना, म्हणून तिनं पॉटरीला नाव घातलं.

क्लास एका शाळेच्या आर्ट रूममध्ये बुधवारी संध्याकाळी असायचा. शिकवायला व्हर्ना ऑगस्टिन नावाच्या बाई होत्या. साठीच्या, उंच, काळ्या. पिकलेले केस अगदी बारीक कापलेले. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावरून आईबापांबरोबर लहानपणी आलेल्या, पण बोलणं अस्सल शेजारच्या स्लाउ गावचं. पहिल्या दिवशी आश्लेषानं मातीचा गोळा दाबून दाबून पार चपटा केला, तेव्हा व्हर्ना शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“ऑफिसात कुणावर रागावलीयस का?”

“नाही.”

“मग मातीला जरा श्वास घेऊ दे.”

क्लासमध्ये मोजकीच माणसं होती. हिवाळा लागला तशी तीही गळत गेली. व्हर्ना बसनं येत, आणि परतीची बस बहुधा चुकायचीच. म्हणून आश्लेषा त्यांना आपल्या गाडीतून स्लाउला सोडू लागली. गाडीत त्या फारसं बोलत नसत. मुलगा कॅनडात होता. नवरा खूप वर्षांपूर्वी निघून गेला होता; मेला नव्हता, निघून गेला होता, हे त्यांनी मुद्दाम स्पष्ट केलं. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी स्वतः काय काय घडवलं, हे आश्लेषानं कधी विचारलं नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणजे शिकवणाऱ्या बाई, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जानेवारीत एकदा गाडीत बसताच त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे शनिवारचा वेळ आहे का? मला एका म्युझियमच्या गोदामात जायचंय. तिथं बस जात नाही.”

“गोदामात काय आहे?”

“माझा एक रांजण.”

मग त्यांनी सांगितलं. ऐन उमेदीत त्यांनी मोठमोठी भांडी घडवली होती. तेव्हा काळ्या कलाकारांची काही प्रदर्शनं भरली, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, आणि १९८४ साली एका म्युझियमनं त्यांचा रांजण विकत घेतला. त्यांच्या आईनं त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. पण तो रांजण कधीच मांडला गेला नाही. घेतला तो गोदामात गेला. पुढं प्रदर्शनं थांबली, घरची भट्टी विकावी लागली, आणि बाकीची भांडी कुणाकुणाच्या बागेत झाडं लावायला गेली. व्हर्नांचं मोठं असं काम जगात एवढंच उरलं होतं, आणि ते त्यांनी तेवीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

“आता बोलावलंय. प्रदर्शनात ठेवणार म्हणे.”

“हे तर छानच झालं.”

“बघू,” व्हर्ना म्हणाल्या.

गोदाम गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं, टायरच्या दुकानाशेजारी. हॅरिएट नावाची तरुण क्युरेटर दारात उभी होती. तिनं दोघींना सहीसाठी वही दिली, कोट आणि पर्स लॉकरमध्ये ठेवायला सांगितल्या आणि आत नेलं. आत लोखंडी शेल्फांच्या रांगा होत्या. मुखवटे, ढोल, भाले, टोपल्या. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. रांजण आधीच काढून फोमच्या गादीवर ठेवला होता.

आश्लेषा बघतच राहिली. आपल्या बाईंनी असलं काही केलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. कमरेएवढा उंच, मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेला, पोट गोल आणि इतकं घोटलेलं की ट्यूबलाइट त्यात ओल्यासारखी चमकत होती. रंग करडा, खाली हिरवट. आणि वरचा काठ एका बाजूनं खचलेला. जणू तेवढीच बाजू दमून खाली बसली होती.

व्हर्नांनी हात पुढं केला.

“सॉरी,” हॅरिएट म्हणाली, “हातमोजे घालाल का?” तिनं निळे रबरी हातमोजे पुढं केले. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. “नियम आहे. सगळ्यांनाच.”

व्हर्नांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातमोजे घातले. रबरातून त्यांनी रांजणाच्या पोटावरून हात फिरवला, काठापर्यंत नेला, आणि जिथं काठ खचला होता तिथं थांबवला. आश्लेषाला वाटलं, आपण बाहेर जाऊन थांबावं. पण ती गेली नाही.

“काहीच लागत नाही हाताला,” शेवटी व्हर्ना एवढंच म्हणाल्या.

मग हॅरिएटनं प्रदर्शनाचं सांगितलं. ब्रिटननं गुलामांच्या व्यापाराला कायद्यानं बंदी घातली त्याला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती. देशभरची म्युझियम्स त्यानिमित्त काही ना काही मांडत होती. या म्युझियमनं आपलं गोदाम तपासलं, तेव्हा ‘कॅरिबियन, लोककला’ या विभागात हा रांजण सापडला. हॅरिएटनं माहितीचा मजकूर वाचून दाखवला. खचलेला काठ म्हणजे गुलामगिरीनं मोडलेलं शरीर, पोटातली पोकळी म्हणजे समुद्रात बुडालेल्यांचं मौन, असं त्यात होतं.

“लोककला?” व्हर्ना म्हणाल्या. “मी इथल्या आर्ट कॉलेजात शिकले. माती इथलीच, स्टॅफर्डशरची आहे. आणि हा टेम्सचा काठ आहे.”

“म्हणजे?”

“मेडनहेडच्या पुलापासून वर चालत गेलं की एक वळण आहे. हा घडवला त्या हिवाळ्यात पाण्यानं तिथला काठ खाल्ला. दर रविवारी थोडा थोडा खचलेला दिसायचा. नवरा गेल्यावर मी रविवारी तिथंच जायचे. घरी रांजण उभा करत होते, त्याचाही काठ माती ओली असतानाच खाली बसला. मी तो परत उचलला नाही. एवढंच आहे ते.”

हॅरिएटनं हातातला कागद मिटला. ती वाईट मुलगी नव्हती. कायद्यानं तिला व्हर्नांची परवानगी विचारायची गरज नव्हती, रांजण म्युझियमचा होता. तरी तिनं विचारलं होतं. “हे फार सुंदर आहे,” ती म्हणाली. “पण प्रदर्शनाचा विषय तो आहे. त्यात मी हे कुठं बसवू, मला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर, हे निमित्त गेलं की पुन्हा कधी बाहेर निघेल, मी सांगू शकत नाही.”

परत जाताना व्हर्ना काचेतून बाहेर बघत होत्या. स्लाउ आलं तेव्हा म्हणाल्या, “नाही म्हटलं तर तो अंधारात बसणार. हो म्हटलं तर मी न केलेली गोष्ट होऊन उजेडात येणार. माझे पूर्वज गुलाम होते, आश्लेषा. ते मी विसरलेले नाही. मला त्यावर काही करायचं असतं तर मी केलं असतं. पण त्या वर्षी मी एकटी पडलेली एक बाई होते, आणि नदी बघत होते. तेवढंही मला असू नये?”

आश्लेषानं गाडी कडेला घेतली. “आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे,” ती म्हणाली. “भांड्याचाही काठ आणि नदीचाही काठ.”

“काट,” व्हर्नांनी म्हणून पाहिलं. “पुन्हा सांग.”

“काठ. तुम्ही हो म्हणा, आणि त्यांच्या मजकुराखाली तुमचा मजकूर लावायला सांगा. तुमच्या शब्दांत, तुमच्या सहीनं.”

हॅरिएटनं ते मान्य केलं. एप्रिलमध्ये प्रदर्शन उघडलं. उद्‌घाटनाला मेयर येणार होते, वाइन होती, पण व्हर्ना गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आश्लेषानं सुट्टी घेतली आणि दोघी साध्या दिवशी गेल्या.

पहिल्या दालनात बेड्या, जहाजांचे नकाशे, साखरेची भांडी. शेवटच्या दालनात मधोमध रांजण, वरून पिवळा प्रकाश. शेजारी म्युझियमचा मोठा फलक. व्हर्नांचा मजकूर खाली एका छोट्या पाटीवर होता: नदीचं वळण, तो हिवाळा, आणि शेवटी, माझ्या एका विद्यार्थिनीच्या भाषेत भांड्याच्या आणि नदीच्या कडेला एकच नाव आहे. वाकल्याशिवाय ते वाचता येत नव्हतं.

तिथं एक गोरी वयस्क बाई उभी होती, पावसाळी कोट आणि हातात रुमाल. तिनं मोठा फलक वाचला. रांजणाच्या खचलेल्या काठाकडे पाहिलं आणि ती खरंच रडू लागली. मागं वळली तर समोर व्हर्ना.

“मला फार वाईट वाटतं,” ती व्हर्नांना म्हणाली. “आमच्या लोकांनी तुमच्या लोकांना जे केलं त्याचं.”

आता व्हर्ना खरं काय ते सांगतील, असं आश्लेषाला वाटलं. व्हर्नांनी तोंड उघडलंही. पण बाईचं रडू थांबत नव्हतं. व्हर्नांनी तिचा कोपर धरला, तिला बाकापर्यंत नेलं आणि शेजारी बसल्या. बाई सांगत राहिली: पूर्वी नवऱ्याबरोबर अशी प्रदर्शनं बघायची, आता एकटीच येते, घरी कुणी नसतं. व्हर्ना ऐकत राहिल्या. जाताना बाईनं विचारलं, “तुम्ही इथल्याच का?”

“स्लाउची,” व्हर्ना म्हणाल्या.

बाई गेली. तिला कळलंच नाही की रांजण कुणी केला.

“तुम्ही सांगितलं का नाही?” कॅफेत आश्लेषानं विचारलं. तिला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

व्हर्ना चहात साखर ढवळत होत्या. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या कामासमोर रडलं. ते भलत्याच गोष्टीसाठी रडलं म्हणून मी तिला थांबवू? मला आनंद व्हायला हवा की नको, हेच मला ठरवता येईना.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “आणि ती नुसती त्या फलकासाठी रडत नव्हती. ते कळलं मला.”

त्यांचा चेहरा शांत होता, पण हात चमच्यावरून निघत नव्हता. आश्लेषानं आपला हात त्यावर ठेवला. दोघी तशाच बसल्या, कॅफे बंद करायला पोरगी टेबलं पुसत येईपर्यंत.

प्रदर्शन ऑक्टोबरात संपलं. रांजण गोदामात परत गेला. आदल्याच महिन्यात पॉटरीच्या क्लासला पुरेशी नावं आली नाहीत म्हणून कौन्सिलनं तो बंद केला होता, आणि आश्लेषाला कंपनीनं एडिनबरातल्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर पाठवलं. निघायच्या दिवशी ती स्लाउला गेली. व्हर्नांनी मासे तळले होते. दारात व्हर्ना म्हणाल्या, “फोन कर. मी करणार नाही, मला जमत नाही. पण तू केलास तर मी उचलीन.”

एडिनबरात आश्लेषाला पुन्हा एक फ्लॅट मिळाला, पुन्हा सोमवार आणि शुक्रवार मिळाले. दुपारी साडेतीनला अंधार पडायचा. दर रविवारी ती व्हर्नांना फोन करायची, आणि त्या उचलायच्या. हॅरिएट नोकरी सोडून गेली, पण जाण्याआधी तिनं नोंद बदलली. आता तो रांजण ‘लोककला’ सोडून ‘ब्रिटिश स्टुडिओ पॉटरी’ विभागात होता. व्हर्नांनी हे थंडीबद्दल आणि गॅसच्या बॉयलरबद्दल बोलता बोलता मध्येच सांगितलं.

“मग तुम्हाला बरं वाटलं?”

“वाटलं. एक दिवस.” मग त्या म्हणाल्या, “रेडिंगला एका बाईकडे भट्टी आहे. तिथं आठवड्यातले दोन दिवस जागा मिळतेय मला. मोठं काहीतरी उभं करतेय. गुडघे दुखतात.”

“काय करताय?”

“अजून माहीत नाही. झाल्यावर येऊन बघ. मी काही सांगणार नाही, तू बघ आणि तुला काय दिसतं ते मला सांग.”

“येते,” आश्लेषा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं ईस्टरच्या सुट्टीची तिकिटं बघितली आणि एक घेऊन टाकलं. मग दिवे लावले. रविवार अजून बराच उरला होता.