बारा जणींचा जमाव

पेपरात येणारा मजकूर तपासणं हे माझं काम. वार्ताहर वाट्टेल ते खरडून पाठवतात, भाषेचं त्यांना सोयरसुतक नाही. म्हणून मीच एक तक्ता करून भिंतीवर डकवला. पुढाऱ्याला ऐकायला आले तर जनसमुदाय, दुकानापुढे थांबले तर गर्दी, पोलिसांनी हुसकावले तर जमाव. माणसं किती, याला तक्त्यात रकानाच नव्हता. संपादकांनी पाठ थोपटली आणि मी शेफारलो.

परवा बातमी आली. आठ दिवस नळ कोरडे, म्हणून पाणी खात्याच्या कचेरीपुढे काही बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या, पोलिसांनी काठ्या मारून हाकलल्या. अंक सुटायला दहा मिनिटं होती. ‘काही बायका’ खोडून मी ‘जमाव’ केलं आणि चहाला गेलो.

सकाळी भाऊजींचा फोन आला. त्या बायकांत माझी ताई होती. तिला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं, दंगलीचं कलम लावायचं चाललं होतं. धावत संपादकांकडे गेलो, चूक माझी, दुरुस्ती छापू या म्हणालो. त्यांनी मानही वर केली नाही. पोलिसांशी वाकडं घ्यायची मला हौस नाही, म्हणाले. चूक कबूल करायचीच तर नोकरी बाहेर शोध.

ठाण्यात साहेबांच्या टेबलावर आमचाच अंक होता, त्या शब्दाखाली लाल रेघ. ताई बाकावर बसली होती, दंडावर काळानिळा वळ. साहेब तसा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाई सांगतात आम्ही बारा जणी होतो, पेपर सांगतो जमाव. शब्द चुकून पडला असं पेपरवाल्यानं लिहून दिलं तर आत्ता घरी सोडतो.

“कुणी घातला हा शब्द?” त्यानं मला विचारलं.

या वयात मला कोण नोकरी देणार? लाज वाटते सांगायला, पण तेवढंच डोक्यात आलं.

“वार्ताहरानं,” मी म्हणालो. “स्वतः बघून लिहिलंय त्यानं.”

साहेबानं ताईकडे पाहिलं.

“माझा भाऊ आहे तो,” ती म्हणाली. “तो खोटं नाही बोलायचा. आम्हीच जास्त असू, साहेब. माझंच मोजायचं चुकलं असेल.”

साहेबानं तसं लिहून घेतलं.