गार इंजिनवाला मारप्पन

इंजिनाच्या तापमानाच्या काट्याने मधली खूण ओलांडली तेव्हा मारप्पनने ते पाहिलंच नाही असं केलं. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "यंदा फणस चांगला धरलाय."

"धरणारच!" त्याचे व्याही सेन्निमलै स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले. ते स्वतः कोत्तगिरीहून खाली मेट्टुपाळयमला आले होते, तिथे तेल बदलायला ठेवलेली आपली गाडी घेऊन सुनेच्या माहेरच्यांना मानाने वर न्यायला. "व्याही, तुम्ही आज काही काळजी करू नका. राहूकाळ लागायच्या आत आपण घरी, आणि पोरीच्या हातात बांगड्या."

मागच्या सीटवर मारप्पनची बायको रुक्मणि आणि तिची थोरली बहीण मांडीवर बांगड्यांची ताटं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याही मागे, भाताच्या पातेल्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन मारप्पनच्या वर्कशॉपातला जुना कामगार नंजन बसला होता. चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा, सगळा माहेरचा. पूंगोडीला सातवा महिना लागला होता. तिला बांगड्या भरायच्या आणि बाळंतपणाला घरी आणायचं, एवढंच आजचं काम. मारप्पनला मात्र ते एवढंसं वाटत नव्हतं. व्याही चहाच्या पाल्याचे मोठे व्यापारी, आणि हा घाटाच्या पायथ्याचा मेकॅनिक. लग्नात ते चारचौघांत त्याची ओळख करून देताना "यांचं खाली वर्कशॉप आहे" म्हणायचे आणि घाईघाईने पुढच्या पाहुण्याकडे वळायचे. ते त्याच्या मनात सलत होतं.

काटा आणखी वर गेला.

"व्याही, जरा सावकाश घ्या," मारप्पन म्हणाला.

"सावकाशच आहे की."

पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ आली, आणि गोड, जळका वास गाडीत शिरला. सेन्निमलैंनी गाडी कशीबशी कडेला घेतली. रुक्मणिच्या बहिणीने "अगं बाई, पेटली की काय!" म्हणून ताट छातीशी धरलं. सेन्निमलै उतरून बॉनेट उघडायला धावले तसा मारप्पन ओरडला, "झाकणाला हात लावू नका! भाजाल!"

स्वतः मात्र तो जागेवरून उठला नाही. कारण या गाडीला आपण काय केलंय हे त्याला ठाऊक होतं.

आता हे सांगायला हवं की मेट्टुपाळयममध्ये मारप्पनला कोणी नुसतं मारप्पन म्हणत नसे. 'गार इंजिनवाला' म्हणत. जुन्या काळी घाट चढणाऱ्या टॅक्स्या हटकून उकळायच्या. इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर एक छोटासा पितळी वॉल्व असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो मिटलेला राहतो, तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तरण्या मारप्पनने तो काढून फेकला. "पाण्याच्या वाटेत दरवान कशाला पाहिजे? फिरू दे की मोकळं!" टॅक्स्या न उकळता वर पोचल्या, आणि याचं नाव झालं. मग काय विचारता! जीप आली, काढ वॉल्व. व्हॅन आली, काढ वॉल्व. वर मोठा पंखा बसव, बॉनेटला भोकं पाड, ट्रकचा रेडिएटर कापून टॅक्सीत कोंब. "इंजिन जेवढं गार तेवढा जोर जास्त," हे तो इतक्या ठसक्यात सांगायचा की ऐकणाऱ्याला गाडी खरंच हलकी झाल्यासारखी वाटायची. कुन्नूरचे ड्रायव्हर कधी कधी कुरकुरत, "अण्णा, सकाळी गाडी उठतच नाही हो, आणि पेट्रोल तर ढोसते नुसती." त्यावर मारप्पन म्हणायचा, "अरे, वर थंडी किती! तू तरी सकाळी उठतोस का?" सगळे हसायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

व्याह्यांची ही गाडी गेल्या आठवड्यापासून तेल बदलायला त्याच्याकडेच होती. नवी, पांढरी, सात जणांची. तेल नंजननेच बदललं. संध्याकाळी मारप्पन पाना घेऊन वाकला तेव्हा नंजन म्हणाला होता, "अण्णा, नव्या गाडीला कशाला? त्यांना विचारून तरी."

"विचारायचं काय त्यात? घाट चढताना कळेल त्यांना आपला हात काय आहे तो. वर पोचल्यावर मीच विचारणार, काय व्याही, कशी चढली?"

हौस, दुसरं काय! व्याह्याच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायची हौस.

सेन्निमलैंनी घरी फोन केला. मारप्पनच्या जावयाने एक जीप पाठवली आणि तिच्याबरोबर कोत्तगिरीच्या गॅरेजमधला जोगी नावाचा माणूस. तो येईतो राहूकाळ लागला होता. रुक्मणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून सारखी पदराने वारा घेत होती. नंजन एकेक पातेलं उचलून झाडाच्या सावलीत नेत होता, दहीभात आंबू नये म्हणून.

जोगीने इंजिन निवू दिलं, पाणी भरलं, गाडी सुरू केली आणि एक एक नळी हाताने चाचपली. मग पाण्याच्या वाटेवरच्या झाकणाजवळ वाकून म्हणाला, "हे नुकतंच कोणीतरी उघडलंय. सांधा बुजवायला लावलेला मसालासुद्धा ताजा आहे." त्याने गाडी बंद केली, दोन बोल्ट काढले, आत बोट घातलं आणि हसला.

"झालं! वॉल्वच नाही आत. कुठल्या शहाण्यानं काढला हो?"

"वॉल्व नसला तर गाडी गार राहते ना?" सेन्निमलैंनी विचारलं. हे त्यांनी खाली बाजारात ऐकलेलं असणार.

"कोण म्हणतं? जुन्या गाडीचा काढलात तर ती गारठते. गारठलेलं इंजिन जोर करत नाही, नुसतं पेट्रोल पितं आणि आतून झिजतं. इंजिनाला त्याची ऊब लागतेच, साहेब. आणि या गाडीत तर वॉल्व दोन कामं करतो. रेडिएटरची वाट उघडतो आणि मधली आडवाट बंद करतो. तोच काढला, तर तापलेलं पाणी आडवाटेनं पुन्हा इंजिनातच जातं. सपाटीवर खपून जातं ते. चढाला उकळणारच." जोगीने हात पुसले. "खाली अजून असले जुने उस्ताद आहेत. गाडी सुधारायला जातात आणि बिघडवून ठेवतात."

मारप्पनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी गाड्या त्याला आठवल्या. सकाळी न उठणाऱ्या, भसाभस पेट्रोल पिणाऱ्या, वेळेआधी इंजिन खोलावं लागलेल्या. ते ड्रायव्हर कुरकुरत होते, ते खरं सांगत होते. तो हसला होता आणि त्यांनाही हसायला लावलं होतं. जन्मभर ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवली ती गोष्टच चुकीची निघाली, तीही व्याह्यांसमोर, भर रस्त्यात.

सेन्निमलै त्याच्याकडे वळले. रागाने नाही, गोंधळून. "व्याही, गाडी तर तुमच्याकडेच होती की हो."

'मीच काढला' हे शब्द मारप्पनच्या जिभेवर आले होते. खरंच आले होते. पण रुक्मणि बघत होती, जोगी बघत होता, जीपचा ड्रायव्हर बघत होता.

"आमच्या नंजननं काढला असेल," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

नंजन दहीभाताचं पातेलं हातात घेऊन उभा होता. त्याने मारप्पनकडे पाहिलं. फार वेळ नाही, एकदाच. मग पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाला, "होय साहेब. माझ्याच हातून झालं. चुकलो."

"चुकलो?" सेन्निमलैंचा इतका वेळ दाबलेला राग उसळून वर आला. "अरे, याच गाडीतून आज पोटुशी पोर घाट उतरणार होती! केस पिकले तुझे, अक्कल कधी येणार? मुहूर्त घालवलास आमचा!"

नंजनने मान खाली घातली. तो मारप्पनहून वर्षा-दोन वर्षांनीच लहान होता. रुक्मणि उठली आणि नवऱ्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसली. वाटेत मारप्पनने एकदा तिच्या हाताला हात लावला, तर तिने बांगड्यांचं ताट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

व्याह्यांच्या घरी मंडळी ताटकळून बसली होती. विहिणीने तोंडभर "या, या" केलं, पण दारातच नवऱ्याला विचारलं, "कोण तो? कोणामुळे झालं?" आणि सेन्निमलैंनी पातेली उतरवणाऱ्या नंजनकडे हनुवटीने दाखवलं. थोड्याच वेळात ते घरभर झालं. नंजन पातेली आत देऊन बाहेरच्या पायरीवर, चपलांशेजारी बसला. त्याला कोणी आत ये म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही.

राहूकाळ सरल्यावर बांगड्या भरल्या. लाल आणि हिरव्या काचेने पूंगोडीचे हात कोपरापर्यंत भरून गेले. बायका गाणी म्हणत होत्या, तिच्या गालाला चंदन लावत होत्या. ती हसत होती. पण बायका जेवायच्या तयारीला उठल्या तशी तिने बापाला खुणेने जवळ बोलावलं.

"अप्पा, नंजन मामा कुठायत?"

"बाहेर आहे."

"मामंजी म्हणत होते, मामांनी वॉल्व काढला म्हणून."

"हं."

"नंजन मामांनी?"

पूंगोडी हातातल्या बांगड्या फिरवत राहिली.

"मी शाळेतून आले की तुम्ही काढलेला वॉल्व माझ्या हातावर ठेवायचा," ती हळूच म्हणाली. "गरम असायचा. मामांना तुम्ही त्याला कधी हात लावू दिला नाहीत, अप्पा. म्हणायचा, हे माझं काम."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला बापाची लाज वाटत होती आणि ती लपवायचा प्रयत्न करत होती, हे त्याला दिसलं. आपल्या लेकीने आपल्यासाठी नजर खाली घालावी! मारप्पनला वाटलं, त्या गाडीसकट आपण दरीत गेलो असतो तर बरं.

तो तसाच तडक ओसरीवर गेला. सेन्निमलै भावकीतल्या चार माणसांबरोबर पान खात बसले होते.

"व्याही," तो उभ्यानेच म्हणाला, "तो वॉल्व मी काढला. नंजननं नाही. त्यानं तर मला नको म्हटलं होतं."

सेन्निमलैंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते उठले आणि त्यांनी मारप्पनच्या खांद्यावर हात टाकला.

"बघा," ते भावकीकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात माणूस! कामगाराची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत. आपल्यापैकी कोण करेल हो?"

"नाही, खरंच मी..."

"पुरे हो, व्याही! कळतं आम्हाला. मी त्याला सगळ्यांदेखत बोललो ते तुम्हाला लागलं. माझंच चुकलं. एवढं मोठं मन कुठून आणता तुम्ही?"

"तसं नाही, व्याही," मारप्पन पुन्हा म्हणाला. पण या वेळी आवाज आधीपेक्षा खाली आला होता, आणि तो त्याचा त्यालाच ऐकू आला. माणसं माना डोलावत होती. एका म्हाताऱ्याने सरकून त्याला बसायला जागा करून दिली. आजवर या ओसरीवर कोणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि त्याला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

तिसऱ्यांदा तो बोलला नाही.

पंगतीची गडबड सुरू झाली. वाढप्याच्या हातातलं एक केळीचं पान ओढून घेऊन मारप्पन बाहेर आला. नंजनला पायरीवरच वाढलं होतं. तो चिंचेचा भात कालवत होता.

"सरक जरा," मारप्पन म्हणाला. "मी पण इथेच बसतो."

नंजन सरकला नाही. त्याने घास खाली ठेवला आणि अदबीने उठून उभा राहिला, एखाद्या अनोळखी माणसासमोर उभं राहावं तसा.

"तुम्ही आत बसा, मालक," तो म्हणाला. "व्याह्यांची पंगत खोळंबलीय."

मारप्पनला आधी वाटलं, चुकून तोंडातून गेलं असेल. त्याच्या वर्कशॉपात रोजावर येणारी पोरं त्याला मालक म्हणत. नंजन नाही.

"नंजा, मी सांगितलं त्यांना. आत्ताच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही."

"ऐकू आलं मला. दार उघडंच आहे," नंजन म्हणाला. आवाजात कुठेही टोचणी नव्हती. "जेवून घ्या, मालक. परत निघायचंय. पोरीला अंधाराच्या आत घरी न्यायला हवं."

तो अजून उभाच होता. मारप्पन तिथे असेपर्यंत तो खाली बसणार नव्हता, आणि पानावरचा भात गार होत होता.

आतून सेन्निमलैंची हाक आली, "व्याही! अहो, कुठे राहिलात? तुमच्यावाचून सुरुवात व्हायची नाही!"

मारप्पनने हातातलं पान घडी करून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि तो आत गेला. व्याह्यांनी आपल्या उजव्या हाताची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. गोड पोळी आधीच वाढलेली होती, वर तूपही होतं.