दिव्यावरचा गुलाबी कागद

दिव्याला चिकटवलेला गुलाबी जिलेटीन कागद.

बंद स्टुडिओच्या शटरवरची धूळ.

भिंतीला भरतात त्या लांबीसारखी पांढरट शी.

आत्याचा फोनवरचा शेरा: "केतकी रंग! आमच्यावर गेली हो पोरगी."

तर, साथीचे दिवस. अगदीच अडल्याशिवाय दवाखान्यात येऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, त्यामुळे लेकीची तपासणी व्हिडिओ कॉलवर. लेकीचं घरातलं नाव गाठोडं. सदा दुपट्यात गुंडाळलेली म्हणून. बाप फोटोग्राफर. स्टुडिओला कुलूप, हात नुसते शिवशिवत होते. कॅमेऱ्यापुढे आलेलं माणूस उजळ दिसलंच पाहिजे, ही त्याची खोड. प्रत्येक कॉलआधी तो दिवा मांडायचा आणि त्यावर तो कागद चढवायचा.

"छान दिसतेय की," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "दूध पिते ना नीट?"

"तुटून पडते."

शीचा विषय कुणी काढला नाही. नुसत्या दुधावर आहे, पांढरी असायचीच, असं नवराबायकोने धरलेलं.

एका सकाळी कॉल चालू असतानाच बल्ब उडाला. बायकोने गाठोड्याला उचलून खिडकीपाशी नेलं. डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

"पिवळी दिसतेय ही. डोळे दाखवा तिचे. आणि शी कुठल्या रंगाची होते?"

त्याने सांगितलं.

"लगेच निघा. माझ्याकडे नको, मोठ्या हॉस्पिटलात. मी कळवते तिथे."

यकृतातून पित्त बाहेर येण्याची वाटच बंद होती. "हे ऑपरेशन लवकर झालेलं बरं असतं," सर्जन म्हणाले. "तुम्हाला उशीर झालाय. करून बघू. शीला रंग आला, तर वाट उघडली म्हणायचं."

आत एकालाच परवानगी. बायको आत, तो पार्किंगमध्ये, गाडीत, मांडीवर फोन ठेवून.

ऑपरेशननंतर बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा फोटो आला. लंगोट, आणि त्यात हिरवट पिवळा डाग. त्याने ताबडतोब फोन लावला.

"उजेड कुठला होता?"

"अरे, अल्बम करायचाय का याचा?"

"सांग ना."

"खिडकीचा."

तो गाडीतून उतरला आणि उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत फोन धरून, त्याने फोटो पुन्हा पाहिला. रंग तोच होता.

अगदी पहिल्या कॉलच्या वेळी बायको म्हणाली होती, "दिवा राहू दे रे, खिडकीपाशी घेऊ तिला."