अतियाच्या ठोक्यांचा आकडा

"मॅडम, कोणी कोणावर मरत असंल, तर ते तुमच्या मशीनमध्ये दिसते काय?"

प्रश्न विचारला अतियानं, पण तो शिजवला होता भैरवीनं आणि फोडणी घातली होती कौसल्यानं. मागच्या बाकावर पैज लागली होती. विचारलं तर तीन आलुबोंडे, नाही विचारलं तर वर्षभर भित्री भागूबाई. दिवाळीआधीची अतिया असती तर भागूबाईच बरी म्हणून खाली मान घालून बसली असती. पण वक्तृत्व स्पर्धेत दारव्ह्याच्या पोरींना पाणी पाजून आल्यापासून तिच्या जिभेला पाय फुटले होते.

हेडमास्तरांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. बिचाऱ्यांचा दिवस आधीच उलटापालटा झाला होता. कापूस बुडालेल्या त्या वर्षांत बोरी अरबला शहराची पांढरी गाडी आली, की ती कापसाचं विचारायलाच आली असं धरून चालायचं. कधी पत्रकार, कधी समिती, कधी फोटोवाले. फोटोवाले तर पोरींना सांगत, "हसू नका बेटा, जरा उदास बघा." म्हणून सरांनी सकाळपासून दहावीच्या पोरींकडून कापसाची उत्तरं घोकून घेतली होती. आणि गाडीतून उतरल्या डॉक्टर शीला मॅडम! याच शाळेत शिकलेल्या, जुन्या पोस्टमास्तर चंद्रशेखरांची लेक. नागपुरात हृदयावर संशोधन करणाऱ्या, आणि हृदय आतून दाखवणारं मशीन सोबत घेऊन आलेल्या. कापसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट आल्या आल्या म्हणाल्या, "पोरींनो, हसता येते ना? मग हसा की!"

आता मात्र त्या हसत नव्हत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या अतियाकडे पाहत होत्या.

"नाव काय तुझं?"

"अतिया अब्दुल गनी. गादीवाल्यांची."

"अतिया, सकाळपासून मले हाच एक कामाचा प्रश्न भेटला." मॅडमचं नागपूर एका दमात गळून पडलं आणि आतून बोरी अरब निघालं. "येडा प्रश्न हाय. पण माझं अख्खं करिअर अशाच एका येड्या प्रश्नावर उभं हाय, बाप्पा."

आणि त्या टेबलावरच पाय हलवत बसल्या. हेडमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मॅडम नवीन डॉक्टर होत्या तेव्हाची गोष्ट. दवाखान्याच्या दारात एक एसटीचा ड्रायव्हर कोसळला. नाडी नाही, श्वास नाही. मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि त्याची छाती दाबत राहिल्या. बांगड्या फुटल्या, घाम डोळ्यांत गेला, मागून कोणी तरी म्हणालं, सोडा आता. त्यांनी नाही सोडलं. ड्रायव्हर परत आला. डोळे उघडल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "गाडी कोणी लावली?"

वर्ग खदखदला.

"सगळे पेढे वाटत होते," मॅडम म्हणाल्या, "आणि मी मोठ्या डॉक्टरांले विचारलं, सर, बंद पडलेलं दिल परत चालू होते, तेव्हा ते आतून कसं दिसते? सर हसले. म्हणे, चालू झालं ना, मग कायले पाहता? पण मले पाहायचंच होतं. मग आम्ही पाहत बसलो. एकाचं पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं, वर्षानुवर्षं पाहिलं. परत आलेल्या काही लोकांचं दिल पहिले एक-दोन दिवस नीट आवळतच नाही. पाहणाऱ्याला वाटते, गेलं हे कामातून. पण ते गेलेलं नसते, भांबावलेलं असते. त्याले सांभाळलं, तर पुष्कळदा ते आपल्या चालीवर येते."

गेली दोन वर्षं जो तो गावाबद्दल 'गेलं कामातून' म्हणत होता. अतियाला भांबावलेलं हा शब्द फार आवडला.

"मशीन नंतर. आधी हात," म्हणत मॅडम उतरल्या. पाहुण्यांना बसायला हेडमास्तरांनी अब्दुल गनींकडून कोरी गादी मागवली होती. मॅडमनी ती दुमडून जमिनीवर टाकली. "ही छाती. दाबा. हाताची टाच मधोमध, कोपर ताठ."

कौसल्यानं दाबली ती भाकरीचं पीठ मळावं तशी. भैरवी मांजर कुरवाळत होती. "अव, तो मरून राह्यला, तू त्याले झोपवून राह्यली!" मॅडम ओरडल्या. मग अतिया बसली. हात ठेवले आणि तिला घरचं पिंजण ऐकू आलं. आता रुई मशीनवरच पिंजून यायची, तरी अब्बू भिंतीवरचं ते धनुष्यासारखं पिंजण मधूनच काढून तार छेडायचे. तंव्, तंव्, तंव्, एका चालीत. अतियाचे हात त्या चालीनं पडायला लागले.

"वा! आणि दाबलं की पूर्ण वर येऊ द्यायचं, बरं का. वर येताना दिल भरते."

"अब्बू पण हेच म्हणतात," अतिया धापा टाकत म्हणाली. "दाबलेली गादी वर आली, तर कापूस जिता हाय."

"मग तुले अर्धं येतेच," मॅडम म्हणाल्या, आणि ते वाक्य अतियाच्या मनात रुतून बसलं.

कारण अब्बूंचं सगळं ठरलं होतं. गावातच आर्ट्स, मग डी.एड., मग मास्तरीणबाई. ज्याच्या घरी हुशार मुलगी, त्याच्या तोंडी तेव्हा डी.एड.च. अतियानं हो म्हटलं होतं. आज संध्याकाळी अब्बू कॉलेजच्या सरांना पक्का शब्द देणार होते. जीवशास्त्राचं पुस्तक आपण उशाशी घेऊन झोपतो, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सायन्स म्हणजे रोज बसनं दारव्हा. कोण पाठवणार?

"चल, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधू."

हेडमास्तर पोरांना घेऊन स्वतःहूनच निघून गेले. दार लावलं, खिडक्यांना चादरी लागल्या. अतिया टेबलावर आडवी झाली, अंगावर ओढणी. मॅडमनी छातीला तीन तारा चिकटवल्या आणि ओढणीखालून थंडगार जेल लावून मशीनचा दांडा टेकवला.

"आई ग! बर्फ!"

"मरते आता," कौसल्या म्हणाली. "मी दाबू काय?"

आणि मशीनच्या पडद्यावर ते आलं. राखाडी, धुरकट, आणि पक्कं जिवंत. आत पातळ पातळ पडदे उघडत होते, मिटत होते, जसे कोणी तरी आतून टाळ्या वाजवतंय. अतियाला वाटलं होतं बदामाचा आकार दिसेल. हे तर त्याहून कितीतरी भारी होतं! जन्मापासून हे टाळ्या वाजवतंय आणि मला पत्ताच नाही?

"हा कोपऱ्यातला आकडा ठोक्यांचा," मॅडमनी दाखवलं. "शांत पड. हं, घ्या पोरींनो, कोणाकोणाची नावं हायत तुमच्याजवळ?"

भैरवी याच घडीची वाट पाहत होती. "शाहिद! सायकलच्या दुकानातला!"

आकडा ढिम्म.

"पियूष! पहिल्या बाकावरचा!"

ढिम्म.

"डी.एड.!" कौसल्यानं ठोकून दिलं. आकडा दोनानं खाली आला. पोरी बाक बडवायला लागल्या.

मॅडमनी हसता हसता अतियाचा हात धरला आणि त्यात मशीनचा तो दांडा दिला. "धर. माझ्यापेक्षा तुझं दिल तुले जवळचं. हळूच तिरका कर आणि तूच शोध."

आकडा टुणकन उडाला. चढला तो चढतच गेला.

"सापडला! सापडला!" भैरवी नाचायला लागली. "अतिया मशीनवर मरते!"

अतिया मात्र उठून बसायला निघाली. "थांबा मॅडम! भीतीनं पण वाढते ना ठोका? पहिल्यांदा हातात घेतलं म्हणून घाबरली असंन मी."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग हळू म्हणाल्या, "हे विचारायला माझ्या विद्यार्थ्यांले वर्ष लागते. बरोबर. आकडा खोटं बोलत नाही, पण कशासाठी वाढला ते बी सांगत नाही. म्हणून एकदा पाहून भागत नाही. परत पाहायचं."

त्यांनी दांडा काढून घेतला. आकडा खाली येईपर्यंत सगळ्या त्याच्यावर डोळे लावून थांबल्या. मग परत दिला. आता हात सरावला होता, भीतीचं नाव नव्हतं. अतियानं दांडा तिरका केला, धुरकट राखाडीतून ते टाळ्या वाजवणारे पडदे तिचे तिनंच शोधून काढले, आणि आकडा पुन्हा उडाला.

या वेळी भैरवीनं फक्त तिचा अंगठा दाबला. "तीन नाही, सहा आलुबोंडे," ती म्हणाली.

सहाही अतियानं खाल्ले. मग दुमडलेली गादी डोक्यावर घेऊन ती घरी पळत सुटली.

अब्बू पडवीत गादीला टाके घालत होते. अम्मी खोळ बेतत होती. अब्बूंच्या पायात चपला होत्याच. कॉलेजच्या सरांकडे निघायच्या बेतात होते.

"आली का बेटा? पाव्हणीबाई बसली का आपल्या गादीवर?"

"बसली नाही अब्बू. जिती केली तिनं!"

"या अल्ला, काय बोलते ही?" अम्मीची कात्री थांबली.

अतियानं गादी खाली टाकली, गुडघ्यावर बसली, कोपर ताठ केले आणि दाबायला लागली. तंव्, तंव्, तंव्. अब्बूंच्या हातातली सुई थांबली. ती चाल त्यांनी झोपेतही ओळखली असती. दाबलेली गादी दर खेपेला पूर्ण वर येत होती.

"मस्त भरली हाय," ते आपसूक म्हणाले. "पण हे काय करून राह्यली तू?"

अतिया थांबली. केस चेहऱ्यावर, गालावर आलुबोंड्याचं तेल. तिनं अम्मीचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"पाहा, दिल कसं धावून राह्यलं! आणि हे भीतीनं नाही, मी दोनदा तपासलं हाय. अब्बू, सरांले सांगा, आर्ट्स नाही. मी सायन्स घेणार. रोज बसनं दारव्ह्याला जाणार, मग नागपूरले जाणार, आणि लोकांचे थांबलेले दिल चालू करून ते आतून कसे दिसतात ते पाहत बसणार. मी ठरवलं!"