राजूर घाटातला दुसरा आरोपी

मी व्हॅक्यूम ॲडव्हान्स बोलतोय. नाव ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या दिसल्या मला. सवय आहे. ज्या गाडीत मी जन्म काढला, तिच्या मालकालाही माझं नाव कधी आलं नाही. तो मला 'ते डबडं' म्हणतो.

आकाराने मी बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा. पोटात रबराचा एक पडदा, त्याला टेकलेली स्प्रिंग, आणि पाठीतून निघालेली बारीक नळी, जी हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरला जोडलेली असते. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पाडायची, त्याला टायमिंग म्हणतात. सपाट रस्त्यावर गाडी निवांत चालली की कार्बोरेटर नळीतून हवा ओढतो आणि मी ठिणगी जरा लवकर पाडतो. पेट्रोल वाचतं. चढ आला, चालवणाऱ्याने पाय दाबला, की ती ओढ संपते, स्प्रिंग मला मागे ढकलते आणि ठिणगी उशिरा पडते. म्हणजे मौका पाहून पुढे जायचं आणि मौका पाहून मागे यायचं. माणसांत हे ज्याला जमतं त्याला पुढारी म्हणतात. मला कुणी कधी हार घातला नाही.

माझी गाडी दुधी रंगाची ॲम्बेसेडर. चिखलीच्या एका डॉक्टरांकडून ती बुलढाण्याच्या दयाराम इंगळे यांच्याकडे आली. दयाराम पाटबंधारे खात्यात, पत्नी भिमाबाई शाळेत शिक्षिका. दोघांनी गाडी शिकायला एकदमच सुरुवात केली. भिमाबाई आधी शिकल्या, पण ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने काढत नसे.

आता जानरावांबद्दल सांगायला हवं. हे दयारामांचे जिवलग मित्र. आपल्याकडे कुठेही बोनेट उघडलं की चार माणसं जमतात. त्यातल्या तिघांना सगळं कळत असतं आणि चौथा सरळ हात घालतो. जानराव हे कायमचे चौथे.

एकदा पाहुण्यांना मलकापूरला रेल्वेवर सोडायचं होतं. निघताना जानराव म्हणाले, "थांब, पिकअप वाढवून देतो," आणि ज्याच्या कुशीला मी बसतो तो ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर त्यांनी पकडून पुढे फिरवला. जाताना उतार होता, दयाराम चालवत होते, सगळं छान झालं. येताना भिमाबाई चाकावर बसल्या. राजूर घाटाचा चढ लागला आणि ठिणगी इतक्या लवकर पडायला लागली की इंजिन आतून टकटक ठोके देऊ लागलं. मी माझ्यापरीने पार मागे सरकलो होतो. त्याहून मागे जायला मला जागाच नव्हती. शेवटी गाडी तापून भर घाटात बंद पडली आणि मागे जीपा, ट्रक, एसटी यांची रांग लागली.

"बाईच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होईन बे," मागच्या सीटवरून जानराव म्हणाले.

"मी मघापासून सांगून राह्यली, इंजिनाचा आवाज बदलला आहे," भिमाबाई म्हणाल्या. पण दयारामांचं डोकं तेव्हा बोनेटमध्ये होतं. तिथे बाहेरचं फारसं ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात निकाल लागला. भिमाबाईंना घाटात गाडी झेपत नाही, हा पहिला. डबडं बिघडलंय, हा दुसरा. जानरावांनी माझी नळी उपटून तिच्या तोंडात स्क्रू ठोकला आणि डिस्ट्रिब्यूटर चांगला मागे फिरवून ठेवला. ठोके थांबले, आणि तोच पुरावा ठरला. मला आणि भिमाबाईंना एकाच सकाळी कामावरून काढलं. खरा आरोपी चहा घेऊन, वर पान खाऊन घरी गेला.

पुढे बरीच वर्षं गाडी कण्हत चालली. ठिणगी आता कायमच उशिरा, त्यामुळे पेट्रोल ढोसायची, उन्हाळ्यात उकळायची. दयाराम म्हणायचे, "वय झालं तिचं." भिमाबाई डाव्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसायच्या. चौदा एप्रिलला गाडी धुऊन तिला निळा झेंडा लागायचा, तेव्हा माझ्याही अंगावरून फडकं फिरायचं. मला पुसत सगळे, जोडत कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं, हे सांगायला मी लाजत नाही.

यंदा दयारामांनी गाडी विकायची ठरवली. त्यांची मुलगी समता, बुलढाण्याच्या कोर्टात वकील, मोबाईलवर जाहिरात टाकायला इंजिनाचे फोटो काढायला आली. जानराव अर्थातच हजर होते.

"बाबा, या नळीत स्क्रू काऊन ठोकला?"

"ते डबडं खराब आहे."

"कोनं सांगतलं?"

"जानरावनं."

समताने आधी मोबाईलवर काहीतरी पाहिलं. मग स्क्रू काढला, नळी पुसली, तोंडाने हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. जीभ चिकटून राहिली. माझा पडदा शाबूत होता. वापरलाच नाही तर फाटणार कशाने?

ती जानरावांकडे वळली. "काका, घाटात गाडी बंद पडली त्या दिवशी, मलकापूरले निघायच्या आधी बोनेट कोनं उघडलं होतं?"

"मीच. पन टायमिंग थोडीशीच पुढं घेतली होती."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"थोडीशीच मागं."

भिमाबाई दारात उभ्या होत्या. "मंग माही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता, तरी उत्तराची वाट पाहत त्या तिथेच थांबल्या. दयारामांना नेमकं तेव्हाच टायरमधली हवा तपासायचं आठवलं.

गॅरेजवाल्याने इंजिनाच्या पुलीवरच्या मूळ खुणेशी टायमिंग जुळवली आणि मला नवी नळी मिळाली. गाडी घरी आली तशा भिमाबाई म्हणाल्या, "मलकापूरले जाऊन येऊ. मी चालवते."

"लायसन कुठं आहे तुह्याजवळ?" दयाराम म्हणाले.

भिमाबाईंनी पर्समधून काढून त्यांच्या हातात दिलं. मुदत शिल्लक होती. "दर बारीले नवं करून घेतलं मी. काऊन घेते, हे तुम्ही एकदाही इचारलं नाही."

जाताना उतार होता. येताना राजूर घाट लागला. दयाराम बाजूला, कान खिडकीबाहेर. समता मागे, वकील असून गप्प. चढ सुरू झाला तसा मी मागे सरकलो. एकही ठोका पडला नाही. मग ऐन चढावर भिमाबाईंनी ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला.

दयाराम दचकले. "काय झालं? बंद पडली का?"

"बंद नाही पडली. मी थांबवली."

"काऊन?"

त्यांनी आरशात मागचा रस्ता पाहिला. मागे एक एसटी येऊन थांबली आणि हॉर्न देऊ लागली. दयारामांनी मागे पाहिलं, समताकडे पाहिलं, आणि पुटपुटले, "त्या दिवशी तुही चूक नव्हती."

"मोठ्यानं बोला. इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही येत."

इंजिन तेव्हा इतकं शांत होतं, की माझा आवाज मलाही ऐकू येत नव्हता. पण दयाराम मोठ्याने बोलले. खिडक्या उघड्या होत्या. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

भिमाबाईंनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, आणि तेवढ्या उभ्या चढावर गाडी एक बोटभरही मागे न जाता वर निघाली.

गाडी विकायचं राहून गेलं. मी आता कामावर आहे. जानराव येतात, बोनेटकडे पाहतात, त्यांचे हात शिवशिवतात. तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे. गाडी ठोके देऊ लागली, तर शेवटी हात कुणी लावला होता तेवढं विचारा. आणि चाकावर बसलेली बाई काही सांगत असेल, तर आधी बोनेटमधून डोकं बाहेर काढा.