गळ्यातली जाळी

अबे, फुंकबाबाच्या शेडात त्या गुरुवारी पाय ठेवाले जागा नव्हती! आर्णी रोडवर गाड्याच गाड्या. बाया एकमेकींच्या खांद्यावरून डोकावून राह्यल्या, अन् मधात खाटेवर इंदूबाई, तोंड उघडून. बाबानं दोन बोटं तिच्या तोंडात घातली, डोळे फिरवले, "निघ वो डाकीण, निघ!" केलं, अन् सर्रकन ओढली ना राजेहो, जाळी! लाल, ओली, बोटभर लांब!

"करणीचं जाळं!" बाबानं ते ताटात टाकून वर धरलं. "सात वर्षं या माउलीचा श्वास आवळून होतं. घे माय, श्वास घे!"

इंदूबाईनं घेतला. भरून घेतला. अख्खा शेड पाया पडला.

एकटी तिची पोरगी ममता उभी, दात आवळून.

तिले ठाऊक होतं ना! मायचा श्वास तं पाच दिवसांआधीच नागपुरात मोकळा झालता. इंदूबाईची श्वासनळी लेची पडली होती. मोटरीनं पाणी ओढताना नरम पाइप चिपकते, तशी खोकलं की आतल्या आत चिपके. डॉक्टरीणबाईनं दुर्बीण घालून तिच्यात तारेची जाळी बसवली, अन् नागोरावले, म्हणजे ममताच्या आबाले, सांगतलं, "ही दहा दिवसांपुरती आहे. हिनं दम कमी झाला तर नळीला बाहेरून कायमचा आधार द्यायचं ऑपरेशन करू. पण सोमवारी ही काढायला आणायचंच. राहिली तर मांस धरते, कफ अडकतो, जीवावर बेतते."

आबानं गावात येऊन पानठेल्यावर काय सांगावं? "बायकोच्या गळ्यात जाळी हाय ना भाऊ!" ठेल्यावर होता बाबाचा चेला पिंटू. झालं! जाळीचं जाळं झालं.

"सोमवारचं नागपूर बंद," बाबानं हुकूम सोडला. "जाळंच नाही राह्यलं, तं डॉक्टर काय काढते, डोंबल?"

"बरोबर हाय," आबानं मान डोलावली. "ज्याच्यासाठी जाचं, तेच निघालं."

ममतानं दप्तर छातीशी धरलं. दोन वर्षांआधी याच बाबानं तिच्या मोठ्या बहिणीचा, प्रियंकाचा, दम्याचा पंप पायाखाली चेपला होता. "प्लास्टिकची गुलामी सोड, पोरी!" तिसऱ्या दिवशी प्रियंका गेली. तो चेपका पंप ममताच्या दप्तरात अजून होता.

तिनं काय केलं, प्रसाद म्हणून ताटातली जाळी मागून घेतली. घरी नळाखाली धरली. लाल रंग वाहून गेला, अन् टप्पकन मोरीत पडलं एक काळं बी. दोडक्याचं! वाळल्या दोडक्याची जाळी होती ते, जिनं इंदूबाई रोज भांडे घासे!

दुसरं कोणी असतं तं तिथंच बोंबललं असतं. ममता नाही. तिले बदला पाह्यजे होता, अन् तोही भरल्या शेडात.

शनिवारी लाडात आली. "आबा, मायचा एक्स-रे काढू ना. बाबाचा चमत्कार फोटोत येईल. लिफाफा शेडातच उघडू." आबा खूश! त्याच दिवशी आर्णीत फोटो काढला, लिफाफा बंदच ठेवला.

रविवारी शेड खचाखच. ममता पुढं गेली.

"बाबा, मायची जाळी पूर्ण निघाली ना?"

"पूर्ण!"

"एखादी तार राह्यली असन?"

"सुतभरही नाही!"

"मंग माह्यीबी काढा. छाती लय भरून येते."

बाबा खूश. "निघ वो डाकीण" सुरू झालं, दोन बोटं आत गेली, अन् ममतानं दात मिटले. कचकन!

"आई वो! सोड! सोड ना वो पोट्टे!"

ती कायची सोडते! बाबा नाचून राह्यला, हात झटकून राह्यला, अन् त्या हाताच्या पंजात दाबून ठेवलेला लाल गोळा खाली पडला. पडला अन् फुलला. जाळी!

मंग सोडलं तिनं. थुंकली. "पाह्यलं का सगळ्यायनं? तोंडातून नाही, पंजातून पडली! आबा, फोडा लिफाफा."

नागोरावनं फोटो उन्हात धरला. तारेची जाळी श्वासनळीत जशीच्या तशी.

"हे तं... आतच हाय," आबानं फोटो सगळ्यायकडं फिरवला. "मी तं इंदूले मारलंच होतं."

ममतानं दप्तरातून पंप काढला अन् बाबाच्या पायापुढं ठेवला. "द्या आता याच्यावर पाय."

बाबा मागं सरकला. मागं भिंत. दारात बाया. आर्णीचे पोलीस येईपर्यंत एकही बाई हलली नाही. जादूटोण्याच्या कायद्याखाली नेला त्याले, हाताले फडकं बांधून. अन् ते फडकं बांधाले बाबा पयले कुठं गेला? डॉक्टरकडं!

सोमवारी नागपुरात इंदूबाईची जाळी निघाली, ठरल्या दिवशी. ऑपरेशनची तारीखही भेटली. काढलेली जाळी ममतानं मागून आणली अन् पानठेल्यावर सगळ्यायले दाखवली.

"मोजून घ्या," म्हणे, "एकाबी तारेत दोडक्याचं बी नाही. कोणी म्हणलं बरं केलं, तं कशानं केलं ते इचारा. कोणी म्हणलं काढलं, तं आतला फोटो मागा. माह्या ताईच्या वक्ताले एकानंबी इचारलं नाही."