प्रसादानंतरचा ब्रश

शाळेच्या रिक्षातून उतरताना संस्कृतीनं तोंडावर रुमाल धरला होता. वर्गात शेजारी बसणाऱ्या प्रियदर्शनीनं "तुझ्या तोंडाचा वास येतो" म्हणून बाक बदलला होता. तेव्हापासून पहिलीतली ही बडबडी पोर तोंड उघडेना.

तिच्या आईनं, वैजयंतीनं, कंबर कसली. पहिला संशय लसणाच्या शेंगाचटणीवर. चटणी बंद झाली, पोरीनं भाकरी दुधाबरोबर मुकाट गिळली, वास मात्र होता तिथंच. मग सात रस्ता चौकातल्या दातांच्या डॉक्टरबाई. कीड नव्हती.

"जिभेवर थर आहे, दाढांत गोड अडकतंय. रात्री ब्रशनंतर काही खाते?"

"छे, मी स्वतः घासून देते की."

म्हणाली खरी, पण प्रश्न काही पाठ सोडेना. त्या रात्री लेकीचे दात घासून दिल्यावर ती रोजच्यासारखी भांड्यांकडे वळली नाही, दाराआड थांबली. नातेपुत्याहून राहायला आलेल्या सासूबाई, बजाबाई, नातीला घेऊन देव्हाऱ्यातल्या बिरोबापुढं बसल्या. हात जोडून झाले आणि पोरीच्या तळव्यावर गूळखोबरं पडलं. ते चघळतच ती अंथरुणात शिरली.

"आत्या, निदान चूळ तरी भरू द्या तिला."

"परसाद खाऊन थुकायचं व्हय गं? शिकल्याली हायस की."

"मग ब्रश नंतर करते."

"आन् उष्ट्या तोंडानं द्येवापुढं? न्हाय जमायचं."

वैजयंती मागं हटली नाही, पण वाट बदलली. "जेवून चूळ भरून येईल ती. प्रसादावर पाणी पिईल, थुंकणार नाही. तो पोटात गेला की मग ब्रश, आणि जीभही. चालेल?"

बजाबाईंनी देव्हाऱ्यातली वात सारखी केली. "पोटात गेल्यावर द्येव कशाला इचारतोय."

दुसऱ्या रात्रीपासून मोरीच्या दाराशी बजाबाईच पहाऱ्याला. "जीभ काड भाईर. आनखी. काळूबाईवानी." नात हसायची, फेस हनुवटीवर यायचा. कंटाळा केला की वैजयंती ब्रश पुन्हा हातात द्यायची. एक रात्रही सोडली नाही.

महिना सरता सरता एका दुपारी रिक्षा दारात थांबली, तरी कुणी उतरेना. आत संस्कृती प्रियदर्शनीच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होती, आणि प्रियदर्शनी खिदळत होती. रुमाल दप्तराच्या पट्ट्याला लोंबत होता.

"काय चाललंय गं?"

"तुला न्हाय सांगायचं," संस्कृती आजीच्या सुरात म्हणाली. "आई, उद्या डब्यात चटणी दे की. दोघींना पुरेल एवढी."

"देते," वैजयंती म्हणाली. "पण खाल्ल्यावर चूळ भरायची. दोघींनी."